शेगडीमागची भिंत

फ्युर्थ, ९ ऑक्टोबर १९६६

प्रिय कुनी,

तू पाठवलेले लोकरी मोजे मिळाले. गुद्रुनला एक नंबर मोठे होतात, म्हणजे पुढच्या वर्षी बरोबर बसतील. आल्विनची पाठ आता बरी आहे, फक्त कोळसा वर आणायची वेळ आली की दुखते.

आई गेल्यावरचा हा पहिला नाताळ. बाहुलीघराच्या भिंतींना नवा कागद यंदा मलाच लावायचा आहे. मला सवय नाही म्हणून जरा लवकरच हात घातला. गुरुवारी गुद्रुन बालवाडीत होती तेव्हा घर उचललं आणि झोपायच्या खोलीत कपाटामागे नेऊन ठेवलं. तिने आल्या आल्या विचारलं, घर कुठे गेलं? मी म्हटलं, ख्रिस्तबाळाने नेलं, नव्या भिंती लावून नाताळच्या संध्याकाळी परत आणील. आई आपल्याला सांगायची तसंच. तिने आधी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे असं बघणं तिने कुणाकडून उचललं ते मला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. बाहुलीघरातलं सगळं सामान बाहेर काढलं. जेवणघरातली पत्र्याची शेगडीही हलवली, ती आई कधी कुणाला हलवू द्यायची नाही. शेगडीमागे भिंतीला चांगला कागदच नाही. नुसती खाकी कागदाची ठिगळं. जिन्याखाली तेच, पलंगामागेही तेच. जिथे नजर जात नाही तिथे सगळीकडे काटकसर.

तू भिंतीला लावायच्या कागदांच्या दुकानात आहेस. दरवर्षी तू आईला उरलेल्या गुंडाळीचं शेपूट आणून द्यायचीस. मागच्या वर्षीची ती पिवळ्या रेघांची गुंडाळी मी स्वतः हातात धरली होती. चांगली जाड होती. असली दोन घरं झाली असती त्यात. मग आमच्या घराला कागद पुरला कसा नाही?

सहज विचारते आहे. लिही.

तुझी
रोसविता

---

बाम्बर्ग, १५ ऑक्टोबर

प्रिय चिमणे,

मोज्यांचं ऐकून बरं वाटलं. मोठे होणार हे मला माहीत होतं. तुझ्या लेकीचे पाय दर महिन्याला वाढतात आणि मी दर महिन्याला विणू शकत नाही.

कागदाचं काय सांगू. शेपूट म्हणजे शेपूट, कधी मोठं दिसतं आणि उलगडलं की फाटकं निघतं. आणि आई कापायला बसली की चष्मा लावायची नाही. वाया जायचंच. तू त्यावर इतका विचार करशील असं वाटलं नव्हतं.

यंदासाठी बारीक फुलांचा एक कागद बाजूला ठेवला आहे, पांढऱ्यावर निळी फुलं. मोठी नक्षी बाहुलीघरात वाईट दिसते, एकेका फुलात बाहुलीचं डोकं मावतं. हा बरोबर होईल. तू फक्त खळ कर. गव्हाचं पीठ थंड पाण्यात कालव, मगच उकळतं पाणी ओत, नाहीतर गाठी होतात. आधी छत, मग भिंती. कागद कोपऱ्यात कापू नकोस, कोपऱ्यावरून वळव.

आणि खाली काही खरवडू नकोस. जुन्या कागदावरच नवा लाव. आपल्याकडे तसंच करतात. ख्रिस्तबाळ चिकटवतं, खरवडत नाही, हे आई शंभरदा म्हणायची, तुला आठवत असेल.

आल्विनला नमस्कार. कोळसा तूच आणत जा, म्हणजे नवऱ्याची पाठ कायमची बरी होईल.

तुझी
कुनी

---

फ्युर्थ, २४ ऑक्टोबर

प्रिय कुनी,

आई चष्मा लावायची नाही म्हणे. मी तिच्याबरोबर एका छताखाली सत्तावीस वर्षं राहिले. कापड असो की कागद, ती असं कापायची की चिंधीही उरत नसे. तू दुसरं काहीतरी शोध.

तुला एक गंमत सांगायची राहिली. आल्विनच्या मावशीचं घड्याळ बघायला जुन्या सामानाचा एक व्यापारी आला होता. पोट पुढे, बोलणं गोड. त्याला कपाटामागचं बाहुलीघर दिसलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, हे आमच्या आजीच्या आईचं, शंभर वर्षांचं. तो वाकला, टकटक करून पाहिलं, खालून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, घर छान आहे. पण लाकूड तरुण आहे."

मी हसले. तो गेल्यावर हसू गेलं.

कारण कुनी, मला एक जुनी गोष्ट आठवली. युद्ध संपल्यानंतरचा दुसरा नाताळ, मी सात वर्षांची. ख्रिस्तबाळाने घर परत आणलं आणि मी म्हटलं, स्वयंपाकघराची खिडकी लहान झाली. आई म्हणाली, "थंडीने घरं आकसतात." तू तेव्हा खोलीतून बाहेर निघून गेलीस. मी ते विसरले नव्हते, फक्त त्याचा अर्थ लावत नव्हते. नाताळला घर दरवर्षी नवंच दिसायचं. नव्या भिंती, नवे पडदे. कोण कशाला शंका घेईल?

आता मी घेते आहे. घर मोठ्या मुलीकडे जायचं, हा आपल्याकडचा रिवाज. म्हणजे ते तुझं होतं. तू ते इतक्या सहज मला कसं काय ठेवू दिलंस? मला वाटायचं, तुझा जीव मोठा. आता वाटतं, खरं घर तू दुसरीकडेच ठेवलं आहेस, आणि मला दिलं ते दुसरं काहीतरी.

पहिल्या नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, आईच्या थडग्यावर भेटू. तोंडावर विचारीन. पत्रात तुला पळवाटा फार सापडतात.

रोसविता

---

(पोस्टकार्ड)

बाम्बर्ग, २९ ऑक्टोबर

प्रिय चिमणे, सर्व संतांच्या दिवशी जमणार नाही. मालकांनी माल मोजायला दुकानात बोलावलं आहे, नाही म्हणता येत नाही. आईला माझ्याकडून शेवंती वाहा, पिवळी नको, पांढरी. तू घर व्यापाऱ्याला दाखवलंस? विकायचा विचार आहे का? तसं असेल तर आधी मला सांग. कुनी

---

फ्युर्थ, ४ नोव्हेंबर

कुनी,

सर्व संतांच्या दिवशी बवेरियात सगळी दुकानं बंद असतात. साधा पाव मिळत नाही. तुझ्या मालकाने त्या दिवशी माल मोजायला बोलावलं असेल तर पाद्रीबाबांनी त्याला चर्चमधून बाहेर काढलं पाहिजे. खोटं बोलायचंच तर निदान पंचांग बघून बोलावं.

आम्ही सकाळी थडग्यावर गेलो. तिथे आमच्या आधीच कुणीतरी लाल काचेचा दिवा लावून गेलं होतं. मी गुद्रुनला म्हटलं, शेजाऱ्यांनी लावला असेल. पण आमच्या शेजाऱ्यांना मी ओळखते, ती माणसं स्वतःच्या थडग्यावरही दिवा लावायची नाहीत.

आणि काल खालच्या मजल्यावरच्या क्राफ्टबाई भेटल्या. त्या फोर्खहाइमला बहिणीकडे गेल्या होत्या. म्हणाल्या, "तुमची मोठी बहीण स्टेशनवर दिसली हो, सर्व संतांच्या दिवशीच. काखेत कागदाची गुंडाळी, हातात बादली. मी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करून निघून गेली."

बादली, कुनी. खळीची बादली.

फोर्खहाइमला तुझं कोण आहे? तुझं कुणी माणूस असेल तर माझी हरकत नाही, चाळिशीत तरी असावं. मूल असेल तर तेही सांग, मी तोंड वाकडं करणार नाही. पण माझ्या लेकीच्या भिंतीचा कागद तिथे जात असेल, आणि खरं बाहुलीघर तिथे असेल, आणि हे वीस वर्षं चाललं असेल, तर मला कळायला हवं. आई गेली. आता माहेरचं म्हणावं असं मला एकच माणूस उरलं आहे आणि ते क्राफ्टबाईंना बघून तोंड फिरवतं.

मी घर विकत नाही. पण खरं लाकूड बघितल्याशिवाय त्यावर एक इंचही कागद लावणार नाही. तू नको म्हणालीस म्हणून तर नक्कीच खरवडणार.

रोसविता

---

बाम्बर्ग, ८ नोव्हेंबर

प्रिय रोसविता,

दिवा मी लावला होता. पहिल्या गाडीने आले आणि तुम्ही यायच्या आत गेले. दुकानाचं खोटं होतं. फोर्खहाइमचं खरं आहे. माणूस नाही, मूलही नाही. जे आहे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, निदान मला लिहिता येत नाही. नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी येते, समोर बसून सगळं सांगते. तोपर्यंत थांब. तीनच आठवड्यांचा प्रश्न आहे.

तू माझ्याविषयी काय वाटेल ते धर. मी विकलं म्हण, लपवलं म्हण. फक्त भिंतींना हात लावू नकोस.

राहवतच नसेल तर स्वयंपाकघर खरवड, झोपायची खोली खरवड. जेवणघर ठेव. जेवणघराला पाणी लावू नकोस, चिमणे. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

कुनी

---

फ्युर्थ, ११ नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा दिवस

कुनिगुंडे,

तू जेवणघर ठेव म्हणालीस, म्हणून मी जेवणघरापासून सुरुवात केली. तुला माझा स्वभाव माहीत असायला हवा होता.

आल्विन गुद्रुनला घेऊन कंदिलांच्या मिरवणुकीला गेला होता. मी ओलं फडकं लावत गेले आणि एकेक कागद सोलत गेले. पिवळ्या रेघा, त्याखाली हिरवे ठिपके, त्याखाली गुलाबाच्या कळ्या. सगळे माझ्या ओळखीचे. एकेक नाताळ हाताला येत होता. मला खात्री होती की खाली आजीचा पाकोळ्यांचा कागद लागेल, माझ्या लहानपणीची ती निळी पाखरं, त्याखाली आजीच्या आईचे कागद, अगदी तळाला तो रेशमी तुकडा, ज्याच्याबद्दल आई सांगायची.

पाकोळ्या लागल्या. माझ्या निळ्या पाकोळ्या. मला क्षणभर तुझी माफी मागावीशी वाटली. मग फडक्याकडे पाहिलं. फडकं निळं झालं होतं. छापील कागदाचा रंग असा सुटत नाही, हे दुकानात राहून तुला कळतच असेल. पाकोळ्या ओघळायला लागल्या. कुणीतरी साध्या खाकी पिशवीच्या कागदावर निळीने रंगवलेल्या होत्या त्या. एक पाकोळी दुसरीसारखी नव्हती. आणि त्यांच्याखाली काही नाही. ना आजी, ना तिची आई. सरळ लाकूड. त्यावर काळ्या शाईत परक्या भाषेतले ठसे. दूधपावडरच्या अमेरिकी खोक्याच्या फळ्या आहेत या, कुनी. मी वीस वर्षं खोक्याशी खेळले. आता माझी मुलगी खेळते आहे.

मी ते सगळं ओलं शेगडीत टाकलं. खऱ्या शेगडीत. पाकोळ्यांसकट. नीट जळेनात, नुसता धूर.

फसवणूक इतकी नीट केली याचं मला जास्त लागलं. मी ख्रिस्तबाळाला चिठ्ठी लिहिली होती की पाकोळ्या तशाच ठेव. म्हणजे तू माझी चिठ्ठी वाचलीस आणि त्यावरून नक्कल बनवलीस. खरं घर ज्याच्याकडे आहे त्यालाच यंदाची निळी फुलं दे. दरवर्षीप्रमाणे.

ॲडव्हेंटला येऊ नकोस.

रोसविता

---

बाम्बर्ग, २४ नोव्हेंबर

रोसविता,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होते. मालक म्हणाले, "कुनी, घरी जा, तुमचा चेहरा बरा नाही." गेले. तेव्हापासून चारदा लिहायला बसले. आता लिहितेच, नाहीतर तू आणखी काहीतरी जाळशील.

तुला ते वर्ष नीट आठवत नाही, तू लहान होतीस. वडील बेपत्ता, रेशनवर जे मिळायचं त्यात माणूस मरत नव्हता आणि जगतही नव्हता. तुझे गुडघे तुझ्या मांड्यांपेक्षा जाड झाले होते. लोक गाडीला लोंबकळत खेड्यात जायचे, शेतकऱ्यांना चादरी, घड्याळं, अंगठ्या द्यायचे आणि बटाटे आणायचे. आपल्याकडच्या अंगठ्या आधीच संपल्या होत्या. माझं म्हणावं असं एकच होतं, ते बाहुलीघर. रिवाजाने माझं. तू बरोबर लिहिलंस.

नोव्हेंबरमध्ये ते घरातून दिसेनासं व्हायचंच. तू विचारणार नाहीस, हे आम्हाला माहीत होतं. मी ते हातगाडीवर बांधून स्टेशनवर आणि तिथून फोर्खहाइमच्या पलीकडे नेलं. एका दारातून दुसऱ्या दारात, सगळीकडे नाही म्हणाले. शेवटी डॉर्नबाईंनी घेतलं, त्यांच्या लेकीसाठी, रेसीसाठी. बटाट्याची पोती दिली, डुकराच्या चरबीचा डबा दिला, पिठाची पिशवी दिली. मी म्हटलं, एक अट आहे. याच्या भिंती खरवडायच्या नाहीत, खाली आमच्या आजीच्या आईपासूनचे कागद आहेत. दर वर्षी मी येईन आणि वर नवा कागद लावून देईन, फुकट. बाई संशयाने बघत राहिल्या. त्यांना वाटलं, भिंतीत आम्ही दागिने दडवलेत आणि मी नंतर येऊन काढणार. मी गेल्यावर त्यांनी जेवणघराचा एक कोपरा सुरीने उकरून पाहिला. सापडला कागदावर कागद, तरी तो कोपरा त्या मला आजवर झाकू देत नाहीत. आजही मी भिंती लावत असले की त्या समोर विणत बसतात आणि माझ्या हातांवरची नजर काढत नाहीत. वीस वर्षं. तुझं आणि त्यांचं छान जमेल.

दरवर्षी शेपूट अर्धं तिकडे, अर्धं तुमच्याकडे. म्हणून शेगडीमागे ठिगळं. यंदा त्यांना घर लवकर हवं होतं, रेसीची मुलगी आता खेळते. मला सुट्टीचा तोच एक दिवस होता.

आता तुझं घर. मी तेव्हा अमेरिकनांच्या खानावळीत भांडी घासायची. खोकी तिथली. करवत क्राफ्टबाईंच्या नवऱ्याची. खिडकी लहान झाली कारण फळी तिथे फुटली. भिंतींना कागद कुठेच नव्हता, आणि तुझी चिठ्ठी होती. पाकोळ्या तशाच ठेव, फक्त एक माझ्याकडे बघू दे. मी साखरेच्या पिशव्या उकलल्या आणि कपड्यांच्या निळीने काढत बसले. मला चित्रं येत नाहीत. म्हणून एक दुसरीसारखी नव्हती. तुझ्याकडे बघणारी मी तीनदा खोडली, कारण तिचे डोळे रागीट यायचे.

खळीला पीठ हवं होतं. डॉर्नबाईंच्या पिशवीतलं आईने एक चमचा घेतलं, आणि मग रडली, की पोरं उपाशी आणि मी पीठ भिंतीला लावते. तू आत आलीस, विचारलंस, ही कसली लापशी? आई म्हणाली, ख्रिस्तबाळाची. तुला चमचा चाटायला दिला. तू तो दोन्ही बाजूंनी चाटलास आणि मी बघत उभी होते. मलाही भूक होती. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, आईलाही नाही.

आईने माझा शब्द घेतला होता. ती म्हणायची, चिमणीला कळलं तर ती दर नाताळला त्या घरात काय नाही तेच बघत बसेल. आई गेल्यावर सांगणार होते. तेवढ्यात तुझं पहिलं पत्र आलं, सहज विचारते आहे म्हणून. तुझं सहज मला माहीत आहे.

मी नक्कल केली, हे खरं आहे. लबाडी केली असं मला वाटत नाही. त्या पाकोळ्या तू जाळल्यास याचं मात्र मला फार वाईट वाटलं. मी वयाच्या विसाव्या वर्षी केलेली तेवढी एकच चांगली गोष्ट होती.

निळ्या फुलांचा कागद वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. अर्धा.

कुनी

---

फ्युर्थ, १२ डिसेंबर

प्रिय कुनी,

तुझं पत्र वाचलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लपवालपवी आपल्या घरात पुरे झाली. आल्विन म्हणाला, "बहिणीने इतकं लिहिलं, आता तरी गप्प बस." मी गप्प बसले आणि बुधवारी फोर्खहाइमची गाडी पकडली.

डॉर्नबाई दारातच उभ्या राहिल्या. मी नाव सांगितलं तर हाताची घडी घातली. म्हणाल्या, "परत मागायला आलात? बटाटे चांगले होते हो. एक सडका नव्हता." मी म्हटलं, मला फक्त बघायचं आहे. "बघायला सगळे असंच येतात," म्हणाल्या. तरी आत घेतलं. बाहुलीघर बैठकीच्या खोलीत, कुणी न वाजवणाऱ्या पियानोशेजारी ठेवलं आहे. रेसीची मुलगी पुढ्यात मांडी घालून बसली होती आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की गुद्रुनची आठवण झाली.

स्वयंपाकघराची खिडकी मोठी आहे. मला बरोबर आठवत होतं.

बाईंनी विणकाम काढलं आणि समोर बसल्या. मी जेवणघराचा तो कोपरा शोधला, सुरीने उकरलेला. कागदांच्या कडा दिसतात, एकाखाली एक. वरून निळी फुलं, मग माझ्या ओळखीच्या पिवळ्या रेघा, हिरवे ठिपके, गुलाबाच्या कळ्या, जसेच्या तसे. म्हणजे रेसीचा प्रत्येक नाताळ आणि माझा प्रत्येक नाताळ एकाच गुंडाळीतला. त्यांच्याखाली छापील पाकोळ्या. सगळ्या एकाच दिशेला उडतात, एकीनेही मान वळवलेली नाही. त्याहून खाली मी उकरलं नाही. बाई बघत होत्या म्हणून नव्हे.

निघताना डॉर्नबाई म्हणाल्या, "मागत असाल तर न्या. मग बटाटे परत आणा, आणि चरबी, आणि वीस वर्षांच्या भिंतींची मजुरी त्या तुमच्या बहिणीला तुम्ही द्या." मी नको म्हटलं. ते घर मला नको, कुनी. तिथल्या पाकोळ्यांना मी कोण ते माहीत नाही. माझ्याकडे बघणारी होती ती मी जाळली. तू नको म्हणत असताना, तुला अद्दल घडवायची म्हणून जाळली. मला हे कुठे ठेवावं कळत नाही. गाडीत रडले. समोरच्या माणसाने मला संत्रं दिलं.

घरी येऊन कपाटामागून घर काढलं. उघड्या फळ्या, त्यावर काळे ठसे. शेगडीमागे हात घातला. तिथली ठिगळं फार चिवट होती, म्हणून त्या दिवशी रागाच्या भरातही मी सोडून दिली होती. नखाने वरचा खाकी तुकडा हळूच उचलला. खाली एका पाकोळीचा अर्धा पंख आहे. तेवढाच. निळा, कडेला जरा ओघळलेला. मी तुकडा परत तसाच दाबून बसवला. त्यावर आता चिकटवायचंच, खरवडायचं काही नाही.

शनिवारी मी घर हातगाडीवर बांधून स्टेशनवर नेते आणि सामानाच्या डब्यातून बाम्बर्गला घेऊन येते. गुद्रुनला सांगितलं, ख्रिस्तबाळाला ते जरा दूर न्यावं लागतंय. ती म्हणाली, "बाम्बर्गला का?" मी हिच्यापुढे काही टिकणार नाही.

निळ्या फुलांचा कागद मी झोपायच्या खोलीला लावीन. जेवणघराला नको. तिथे पाकोळ्या तू काढ. साखरेच्या पिशव्या मी जमवल्या आहेत, शेजारपाजारच्याही. नीळ तुझ्याकडे असेलच. एकसारख्या आल्या नाहीत तर बरं. एक गुद्रुनकडे बघणारी हवी, आणि डोळे रागीट आले तर राहू दे, तिला ओळखीचे वाटतील.

खळ मी इथूनच करून आणते, झाकणाच्या डब्यात. आधी थंड पाणी, मग उकळतं. त्यातलं थोडं वेगळं काढून साखर आणि लोणी घालणार आहे. चमचाही आणते. तो तुझा. दोन्ही बाजूंनी.

तुझी
चिमणी